दहा जण बाहेर उभे आहेत

लंडन शहरातील कॉव्हेंट गार्डन हा भाग नाटकगृहांचा म्हणून प्रसिद्ध आहे. तेथे गॅरिक क्लब नावाची एक जुनी संस्था आहे. नट, नाटककार, लेखक, चित्रकार आणि त्यांचे चाहते यांनी एकत्र बसावे, जेवावे, गप्पा कराव्यात, या हेतूने १८३१ साली ती स्थापन झाली. सभासद कसा निवडावा याविषयी संस्थापकांनी आरंभीच एक तत्त्व ठरवून टाकले होते. त्याचा आशय असा : एखादा भयंकर कंटाळवाणा मनुष्य आत शिरण्यापेक्षा, ज्यांच्याविरुद्ध काहीही आक्षेप नाही अशी दहा माणसे बाहेर राहिलेली बरी.

हे वाक्य क्लबाच्या इतिहासात कौतुकाने सांगितले जाते. इंग्रजी खुसखुशीतपणाचा नमुना म्हणून ऐकणारेही हसतात. परंतु त्या दहा जणांकडे क्षणभर वळून पाहावे. त्यांचा दोष काय? काहीही नाही, असे खुद्द संस्थापकच म्हणतात. आतल्यांची संध्याकाळ बिघडू नये एवढ्याचसाठी त्यांनी बाहेर राहायचे. कला आणि साहित्य यांच्या नावाने उभारलेल्या घराचा पायाच जर असा असेल, तर त्या घराचे पुढे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. आणि वसईच्या, मुंबईच्या, गोव्याच्या धर्मग्रामांत राहणाऱ्या आपण ते का पाहावे, याचेही उत्तर या लेखात द्यायचे आहे.

प्रथम क्लबाच्या पदरात त्याचे श्रेय घालू या. १८३१ साली नटाला इंग्लंडच्या सभ्य समाजात स्थान नव्हते. त्याचे नाटक पाहायला उमराव येत. त्याला आपल्या मेजावर मात्र बसवत नसत. युरोपात अन्यत्र स्थिती याहून वाईट होती, आणि येथे आपण कॅथलिकांनी मान खाली घातली पाहिजे. फ्रान्समधील ख्रिस्तसभा नटांना पापी व्यवसायातले समजून त्यांना संस्कार नाकारीत असे. १६७३ साली मोलिएर हा थोर नाटककार-नट मरण पावला, तेव्हा त्याला ख्रिस्ती दफन मिळेना. राजाने मध्यस्थी केली तेव्हा कोठे रात्रीच्या अंधारात त्याला माती देण्याची परवानगी मिळाली. इंग्लंडने डेव्हिड गॅरिक या नटाला १७७९ साली वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये विसावा दिला खरा. पण तो अपवाद होता. अशा काळात राजा चौथा विल्यम याचा भाऊ ड्यूक ऑफ ससेक्स याच्या आश्रयाखाली काही मंडळी एकत्र आली आणि नट व सुशिक्षित गृहस्थ यांनी बरोबरीच्या नात्याने भेटावे म्हणून त्यांनी गॅरिकच्याच नावाने क्लब काढला. बहिष्कृतांसाठी दार उघडणारी ही कृती होती. तिचे मोल कमी लेखू नये.

आपल्याला तर ते विशेष कळावे. इंग्लंडमधील कॅथलिकांना पार्लमेंटात बसण्याची मुभा देणारा कायदा १८२९ साली, म्हणजे या क्लबाच्या केवळ दोन वर्षे आधी झाला. त्यापूर्वी सुमारे दीडशे वर्षे कॅथलिक म्हणजे दाराबाहेरचा मनुष्य होता. आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्याचा आद्य ग्रंथ ज्यांच्या हातून लिहिला गेला, ते फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रजच. आपल्या श्रद्धेला मायदेशात जागा नव्हती, त्या काळात ते येशूसंघात दाखल झाले आणि १५७९ साली गोव्यात उतरले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. मायदेशाने बंद केलेल्या दारातून बाहेर पडलेला हा मनुष्य परक्या भाषेच्या दारात आला आणि त्या भाषेने त्याला आत घेतले. आपल्या साहित्याची वंशावळ ही अशी दाराबाहेरच्यांची आहे, हे पुढील विवेचनात ध्यानात ठेवावे.

आता क्लबाचे पुढे काय झाले ते पाहू. जुन्या इंग्रजी क्लबांची सभासद निवडण्याची रीत ठरलेली होती. एका सभासदाने नाव सुचवायचे, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचे, नाव वहीत चढायचे, इतरांनी त्याखाली सह्या करायच्या. मग गुप्त मतदान. पेटीत पांढरी गोळी टाकली म्हणजे होकार, काळी टाकली म्हणजे नकार. मोजक्या काळ्या गोळ्या पडल्या की उमेदवार बाद. कोणी टाकली ते कळायचे नाही. का टाकली ते विचारायचे नाही. नकार देणाऱ्याला नाव नाही, नकाराला कारण नाही आणि नाकारलेल्याला दाद मागण्याची सोय नाही.

या पेटीने कोणाकोणाला बाहेर ठेवले? १८७३ साली हेन्री आयर्व्हिंग याचे नाव आले आणि काळ्या गोळ्यांनी ते नाकारले गेले. आयर्व्हिंग म्हणजे त्या काळच्या इंग्रजी रंगभूमीचा अग्रणी. नट म्हणून ‘सर’ ही पदवी मिळवणारा पहिला मनुष्य तोच. ती त्याला १८९५ साली मिळाली. नटांना प्रतिष्ठा मिळावी म्हणून, एका नटाच्या नावाने निघालेल्या क्लबाने त्या पिढीतील सर्वांत मोठ्या नटालाच परत पाठवले. पुढच्या वर्षी चूक दुरुस्त झाली. परंतु चाळीस-बेचाळीस वर्षांत संस्था आपल्या जन्माचे कारण किती विसरली होती, हे त्या एका नकारावरून दिसते.

लेखकांची कथाही वेगळी नाही. १८५८ मध्ये एडमंड येट्स या तरुण पत्रकाराने कादंबरीकार थॅकरे यांच्याविषयी एका नियतकालिकात बोचरा लेख लिहिला. लेख चांगल्या अभिरुचीचा नव्हता, हे कोणीही मान्य करील. दोघेही गॅरिकचे सभासद. थॅकरे यांनी तक्रार वाचकांपुढे न नेता क्लबाच्या समितीपुढे नेली. समितीने माफी मागण्यास सांगितले, येट्सने नकार दिला, त्याला काढून टाकण्यात आले. चार्ल्स डिकन्स यांनी येट्सची बाजू घेतली आणि इंग्रजी भाषेतील दोन थोर कादंबरीकार पाच वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत. १८६३ च्या डिसेंबरात थॅकरे वारले; त्याच्या थोडे आधी त्यांचा समेट झाला, एवढेच समाधान. लेखाला लेखाने उत्तर देणे हा लेखकाचा धर्म. येथे लेखाला उत्तर मिळाले ते सभासदत्व काढून घेण्याचे.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९७१ मध्ये, बर्नार्ड लेव्हिन या स्तंभलेखकाने नुकतेच वारलेले माजी सरन्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड यांच्या न्यायदानावर घणाघाती टीका केली. पुढे गॅरिकच्या सभासदत्वासाठी त्याचे नाव आले तेव्हा ते नाकारले गेले. क्लबातील वकील मंडळींनी त्या लेखाचा राग काढला, असे सर्वत्र बोलले गेले. लेखकांच्या घरात लेखकाला येऊ द्यायचे की नाही, हे आता वकील ठरवीत होते. घर कलेच्या नावाने, किल्ली मात्र प्रतिष्ठितांच्या कमरेला. असे व्हायला दीडशे वर्षे पुरली.

आणि स्त्रिया? या क्लबाच्या भिंतींवर रंगभूमीच्या इतिहासातील चित्रांचा फार मोठा संग्रह आहे. त्यात गाजलेल्या नट्यांची चित्रे मानाने लावलेली आहेत. चित्रातली नटी भिंतीवर चालत होती. जिवंत नटी मेजावर चालत नव्हती. सभासदाची पाहुणी म्हणून तिने यावे, जेवावे, जावे. २०११ मध्ये जोआना लमली या अभिनेत्रीचे नाव एका सभासदाने वहीत लिहिले, तेव्हा त्या पानावर इतरांनी संतप्त शेरे मारले. २०१५ मध्ये मतदान झाले. निम्म्याहून किंचित अधिक, म्हणजे ५०.५ टक्के सभासद स्त्रियांना घेण्यास अनुकूल निघाले. पण नियम बदलण्यास दोन-तृतीयांश मते लागत होती. दार बंदच राहिले.

मार्च २०२४ मध्ये ‘द गार्डियन’ या वृत्तपत्राने काही सभासदांची नावे छापली आणि देशभर खळबळ उडाली. त्या यादीत राजे चार्ल्स होते, उपपंतप्रधान होते, न्यायाधीश होते, प्रशासनातील सर्वोच्च अधिकारी होते. मंत्रिमंडळाचे सचिव सायमन केस आणि गुप्तहेर खात्याचे प्रमुख रिचर्ड मूर यांनी लगोलग राजीनामे दिले. मग ७ मे २०२४ रोजी सभासदांची सभा भरली. तिच्यापुढे प्रश्न आला तो मोठा मौजेचा. कायदेपंडितांनी क्लबाची नियमावली बारकाईने वाचली, तेव्हा स्त्रियांना मनाई करणारे कलम तिच्यात कोठेही सापडेना. नियमांत पुरुषवाचक सर्वनाम होते; आणि ‘तो’ म्हटले की त्यात ‘ती’ही येते, असे इंग्लंडचा १९२५ चा मालमत्तेचा कायदा सांगतो. म्हणजे नियम बदलण्याचे कारणच नव्हते. आहेत त्या नियमांचा अर्थ तेवढा मान्य करायचा होता. ५६२ विरुद्ध ३७५ मतांनी तो मान्य झाला. जुलैमध्ये ज्युडी डेंच आणि शान फिलिप्स या दोन वयोवृद्ध, विख्यात अभिनेत्री पहिल्या स्त्री-सभासद झाल्या.

वाचकहो, माझ्या मते या साऱ्या कथेचा गाभा येथे आहे. १९३ वर्षे जे दार बंद होते, त्याला कुलूपच नव्हते. मनाई कोणी लिहिली नव्हती. लिहिण्याची गरजच पडली नाही. आपल्यात कोण शोभते आणि कोण शोभत नाही, हे सर्वांना न सांगता ठाऊक होते. लिखित अन्यायाविरुद्ध लढता येते. कलमावर बोट ठेवता येते, ठराव मांडता येतो, न्यायालयात जाता येते. परंतु जो अन्याय केवळ सवय म्हणून नांदतो, त्याच्यापुढे उभे राहिले की समोरचा मनुष्य सौजन्याने हसतो आणि म्हणतो, ‘छे, छे, आमचा असा काही नियम नाही!’

क्लबाच्या बाजूने तीन युक्तिवाद केले जातात. त्यांचा विचार न करता टीका करणे अन्यायाचे होईल.

पहिला असा की, हे खाजगी घर आहे. आपल्या घरी कोणाला बोलवावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. कायद्याने हे खरे आहे. इंग्लंडच्या २०१० च्या समता कायद्यानेही केवळ पुरुषांच्या किंवा केवळ स्त्रियांच्या खाजगी संस्थांना मुभा ठेवली आहे, आणि ती काढून घ्यावी असे माझे म्हणणे नाही. परंतु कायद्याने जे चालते ते सारे शोभते असे नव्हे. ज्या मेजावर न्यायाधीश, मंत्री, संपादक आणि मोठ्या नाट्यसंस्थांचे चालक रोज एकत्र बसतात, त्या मेजावर केवळ मटण वाढले जात नाही. ओळखी वाढल्या जातात. कोणाचे नाव कोठे सुचवावे, कोणाला संधी द्यावी, हे ठराव न होता ठरते. असे मेज खाजगी म्हणायचे तर मग सार्वजनिक काय उरते?

दुसरा युक्तिवाद मैत्रीचा. मैत्री निवडीतूनच होते. सर्वांना दार उघडले तर ती पातळ होते. हा युक्तिवाद मनाला भिडतो, कारण मित्रांचा सहवास ही देवाची देणगी आहे. पण मैत्रीला वही लागत नाही, काळी गोळी लागत नाही. मित्र निवडताना आपण कोणाला तरी जवळ करतो; क्लब निवड करताना कोणाला तरी दूर करतो आणि त्या दूर करण्यातून आपली किंमत वाढवतो. ज्याची प्रतीक्षायादी मोठी तो क्लब मोठा. बाहेर ताटकळणारे नसतील तर आत बसण्याची चव जाते. या चवीला मैत्री म्हणू नये.

तिसरा युक्तिवाद असा की, स्त्रियांनी आपले वेगळे क्लब काढावेत. त्यांनी काढलेही. १९०४ मध्ये लंडनमध्ये लेखिका-कलावतींचा लायसियम क्लब निघाला. परंतु ज्याला घराबाहेर ठेवले त्याने स्वतःचे घर बांधले, तर श्रेय त्याचे. बाहेर ठेवणाऱ्याने ते आपले समर्थन म्हणून कसे वापरावे?

कोणी म्हणेल, लेखक-कलावंतांनी एकत्र जमूच नये काय? अवश्य जमावे. लेखन हे एकट्याचे काम आहे आणि एकटेपणाला सोबत लागते. १९२१ साली लंडनमध्येच कॅथरिन एमी डॉसन स्कॉट या लेखिकेने लेखकांचे एक भोजनमंडळ काढले. तोही क्लबच होता. पण त्यात आरंभापासून स्त्रिया होत्या, आणि नजर मेजापलीकडे होती. जॉन गॉल्सवर्दी त्याचे पहिले अध्यक्ष. तेच भोजनमंडळ पुढे ‘पेन’ या नावाने जगभर पसरले आणि तुरुंगात टाकलेल्या लेखकांची बाजू मांडू लागले. मुंबईत १९३३ साली सोफिया वाडिया यांनी त्याची भारतीय शाखा सुरू केली. गॅरिक आणि पेन, दोघांचाही आरंभ जेवणाच्या मेजापासून झाला. एकाने आपल्या मेजाभोवती भिंत उंच केली. दुसऱ्याने, जो मेजापर्यंत येऊ शकत नाही त्याची चौकशी केली.

ही केवळ लंडनची गोष्ट नाही. इंग्रजांनी क्लबाची ही रीत मुंबईत आणली. त्यांच्या क्लबांत एतद्देशीयांना सभासद होता येत नसे. पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या नावाने एक क्लब निघाला तो हा भेद मोडण्यासाठी. गोरे आणि हिंदी यांनी तेथे बरोबरीने खेळावे, बसावे म्हणून. दार उघडण्यासाठीच जन्मलेली ही दुसरी संस्था. १९८८ साली याच क्लबाच्या दारातून मकबूल फिदा हुसेन यांना परत फिरावे लागले. कारण काय, तर ते नेहमीप्रमाणे अनवाणी होते. ज्यांची चित्रे श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत लागतात, त्यांचे पाय त्या दिवाणखान्यांच्या गालिच्याला चालत नाहीत. लंडनमध्ये भिंतीवरच्या नटीचे झाले तेच येथे झाले.

याच मुंबईत दुसरी परंपराही होती. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. त्याचा प्रवर्तक फ्रान्सिस न्यूटन सूझा, गोव्यातील साळगावचा कॅथलिक मुलगा, जे. जे. कलाशाळेतून काढून टाकलेला. त्याच्यासोबत सिनेमाची पोस्टरे रंगवलेले हुसेन होते, रझा, बाकरे आणि गाडे होते. आणि घरगडी म्हणून राबलेले, मोटारी पुसलेले कृष्णाजी आरा होते. या सहा जणांना कोणत्या क्लबाने वहीत चढवले असते? पण आधुनिक भारतीय चित्रकलेचा इतिहास त्यांच्याशिवाय लिहिता येत नाही. पुढे जहांगीर कलादालनाच्या चिंचोळ्या व्हरांड्यात १९६४ साली ‘सामोवार’ हे उपाहारगृह निघाले. तेथे चहाच्या एका पेल्यावर नवखा चित्रकार तासन्तास बसू शकत असे, आणि शेजारच्या मेजावर कोण नामांकित बसला आहे याने त्याचे काही अडत नसे. २०१५ साली ते बंद झाले. तेथे अनुमोदक लागत नव्हता. चहाचे पैसे पुरत होते. कलेला घर असे लागते.

आता आपल्या अंगणात यावे. मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन १८७८ साली पुण्यात भरले. दुसऱ्याच्या वेळी, १८८५ मध्ये, महात्मा फुले यांना निमंत्रण गेले. त्यांनी ते पत्र लिहून नाकारले. जे सर्वांचे मानवी हक्क मनापासून मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभेशी आमचा मेळ बसणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. तेथे मनाईचा नियम नव्हता. उलट आमंत्रण होते. पण मेज कोणी मांडले आहे आणि कोणासाठी, हे जोतीरावांनी ओळखले. त्याच संमेलनाच्या अध्यक्षपदी स्त्री यायला १९६१ साल उजाडावे लागले. कुसुमावती देशपांडे या त्या पहिल्या. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठी गद्याला न्हाऊ-माखू घातले, त्याला तेव्हा पंचवीस वर्षे होऊन गेली होती.

२०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव येथे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एक कॅथलिक धर्मगुरू त्या आसनावर बसतो म्हणून काहींनी विरोध केला, धमक्या दिल्या. तरी संमेलन झाले. आपल्या घराघरांत त्या दिवशी आनंद झाला. तो आनंद कशाचा होता? बाहेरच्याला आत बोलावल्याचा होता. २०२४ च्या जुलैत फादर गेले. पण तो आनंद आपण विसरलेलो नाही. मग विचारावेसे वाटते की, ज्याने हा आनंद चाखला आहे त्याने स्वतःच्या दाराशी कसे वागावे?

आपल्याकडे क्लब नाहीत, असे कोणी म्हणू नये. गोव्यातील कित्येक पॅरिशमध्ये कॉन्फ्रारियाचे सभासदत्व पिढ्यान्पिढ्या गावकार घराण्यांपुरते राखीव राहिले. फेस्ताच्या मिरवणुकीत कोणत्या रंगाचा मुर्सा कोणी घालायचा, यावर जात ठरत आली. ज्या क्रुसाखाली ही मिरवणूक चालते, त्या क्रुसावर कोणत्या घराण्याचा शिक्का आहे? आणि उत्तरेकडील आपण त्यांना हसण्याचे कारण नाही. आपल्या धर्मग्रामांतील सांस्कृतिक मंडळे, नाट्यमंडळे, वाचनालये, साहित्यसंमेलनांच्या स्वागतसमित्या आठवून पाहाव्यात. तीच चार आडनावे, त्याच दोन आळ्या. कविसंमेलनाला कोण बसणार ते आधीच ठरलेले. दुसऱ्या गावाहून येऊन भाड्याच्या खोलीत राहणारे कुटुंब, घरकाम करणारी, वीटभट्टीवर राबणारी श्रद्धावंत माणसे, आदिवासी पाड्यावरचा गाणी रचणारा तरुण यांना मनाई नाही. मनाई कधीच नसते. ‘त्यांनी यावे की, कोणी अडवले आहे?’ असे आपण म्हणतो, आणि सभेची सूचना मात्र आपल्याच आळीत फिरते.

स्त्रियांच्या बाबतीतही आरशात पाहावे. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ च्या जानेवारीत ख्रिस्तसभेच्या कायद्यातील २३० व्या कलमात दुरुस्ती केली. वाचक आणि वेदीसेवक या पदांवर विधिपूर्वक नेमणूक पूर्वी फक्त पुरुषांची होत असे. ‘पुरुष’ हा शब्द त्यांनी काढून टाकला. त्याआधी कित्येक वर्षे आपल्या चर्चमध्ये वाचने स्त्रियाच करीत होत्या. काम त्यांचे होते, पद मात्र नव्हते. गॅरिकच्या सर्वनामाला हसताना हेही आठवावे. निदान आपल्याकडे शब्द स्पष्ट होता, म्हणून तो खोडता आला.

प्रभू येशू कोणाच्या मेजावर बसला यावरूनच त्याच्यावर आरोप झाले. जकातदारांबरोबर तो जेवतो, हा त्याचा गुन्हा होता. लूकच्या शुभवर्तमानात त्याने यजमानाला बजावले की, परतफेड करू शकतील अशा मित्रांना आणि धनिक शेजाऱ्यांना बोलावण्यात काय मोठेपणा? आणि मग महाभोजनाचा दाखला सांगितला. निमंत्रित आले नाहीत, तेव्हा धन्याने गल्लीबोळांतून, वाटांवरून माणसे आणवली. त्या धन्याने वही उघडली नाही. संत याकोब तर आपल्या पत्रात थेट सभास्थानातच येतो : सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला पायाशी, असे करणारे तुम्ही न्याय करू लागलात, असे तो सुनावतो. हुसेन यांच्या अनवाणी पायांना यापेक्षा वेगळे भाष्य नको.

म्हणून नुसता उपदेश न करता काही साध्या गोष्टी सुचवतो. प्रत्येक धर्मग्रामातील साहित्य-सांस्कृतिक मंडळाने आपले नियम लिहून काढावेत आणि ते चर्चच्या फलकावर लावावेत. सभासदत्व कसे मिळते, हे दाराशी उभ्या असलेल्या मनुष्याला कोणालाही न विचारता वाचता आले पाहिजे. पदाधिकाऱ्यांची मुदत ठरवावी आणि ती संपली की खुर्ची सोडावी. एखाद्याला घ्यायचे नसेल तर कारण सांगावे, आणि ते सांगण्याची लाज वाटत असेल तर त्याला घ्यावे. प्रत्येक संमेलनात निदान एक वाचन अशा व्यक्तीचे असावे, जिला व्यासपीठावरील कोणीही आधी ओळखत नव्हते. यासाठी पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही.

आणि एखादा कंटाळवाणा मनुष्य आत आलाच, तर? येऊ द्या. आपण दर रविवारी त्यांच्यासोबत प्रार्थना करतो, आणि त्यांच्या दृष्टीने आपणही तेच असू. एका संध्याकाळची चव थोडी बिघडेल. त्या बदल्यात ते दहा जण आत येतील, ज्यांच्याविरुद्ध कोणाचाही आक्षेप कधीच नव्हता. त्यांतल्या एखाद्याच्या पिशवीत कवितांची वही असेल.